शल्यचिकित्सक संघटनांची संशोधन-अनुदाने आणि त्यांच्या व्यापक परिणामाचे मोजमाप : एक चिकित्सा

प्रस्तावना

संशोधनासाठी दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले, हा प्रश्न पैसा देणाऱ्याने विचारावा हे स्वाभाविकच आहे. शासकीय निधीच्या बाबतीत तो लेखापरीक्षणापासून विद्यापीठाच्या वित्त विभागापर्यंत अनेक पातळ्यांवर विचारला जातो. परंतु संशोधनाला पैसा केवळ शासनच देते असे नाही. वैद्यक क्षेत्रात, विशेषतः शल्यचिकित्सेत, व्यावसायिकांच्या संघटना सभासदांच्या वर्गणीतून, देणग्यांतून व कायम निधीच्या व्याजातून तरुण शल्यचिकित्सकांना संशोधनासाठी अनुदाने देतात. शासकीय निधीच्या तुलनेत या रकमा लहान असतात. मात्र त्यांच्यामागील अपेक्षा लहान नसते. शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित व्हावी, रुग्णाचे दुःख कमी व्हावे, हा त्यांचा घोषित हेतू असतो. हा हेतू कितपत साध्य झाला हे कसे मोजावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखक वैद्यक शाखेचा नसून अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या तांत्रिक गुणदोषांविषयी मतप्रदर्शन करण्याचा येथे हेतू नाही. मोजमापाच्या पद्धतींची चिकित्सा करणे एवढेच उद्दिष्ट आहे. या चिकित्सेतून हाती येणारा निष्कर्ष आरंभीच नमूद करणे योग्य होईल. संघटनांच्या अनुदानांचे प्रचलित मोजमाप हे मुख्यतः अनुदान घेणाऱ्याच्या प्रगतीचे मोजमाप आहे. ज्याच्या नावाने अनुदान दिले जाते तो रुग्ण त्या कोष्टकात आढळत नाही. त्याला तेथे आणावयाचे असेल, तर केवळ निर्देशक बदलून भागणार नाही. अनुदान कशासाठी द्यावे याचाच पुनर्विचार करावा लागेल.

अनुदानांचे स्वरूप

इंग्लंडमधील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स ही संस्था नावाने ‘कॉलेज’ असली, तरी आपल्या अर्थाने ते महाविद्यालय नव्हे. ती शल्यचिकित्सकांची व्यावसायिक संघटना होय. तिला १८०० मध्ये राजसनद मिळाली. १९९३ पासून ही संस्था प्रशिक्षणार्थी शल्यचिकित्सकांना संशोधन-अधिछात्रवृत्ती देत आली आहे. प्रशिक्षणार्थ्याने साधारणतः एक वर्ष शस्त्रक्रियागृहापासून दूर राहून संशोधन करावे व त्या काळातील त्याच्या वेतनाचा भार अधिछात्रवृत्तीने उचलावा, अशी ही रचना आहे. अमेरिकेत १९१३ मध्ये स्थापन झालेले अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स आणि विविध उपशाखांच्या संघटना अशाच योजना चालवितात. रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने, म्हणजे सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीच्या प्रतिष्ठानाने, १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेबरोबर एक संयुक्त योजना सुरू केली. शासकीय अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्या तरुण शल्यचिकित्सकास संघटनेने पूरक रक्कम द्यावी, असे तिचे स्वरूप आहे. भारतात असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया ही संघटना १९३८ पासून कार्यरत असून ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’ हे तिचे मुखपत्र आहे.

अशा अनुदानांची आवश्यकता का भासली, हे समजून घेण्यासाठी शल्यचिकित्सेतील संशोधनाची परंपरागत स्थिती ध्यानात घ्यावी लागते. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाचे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी १९९६ मध्ये शल्यचिकित्सेच्या प्रमुख नियतकालिकांतील लेखांची पाहणी करून एक टीकालेख लिहिला होता. त्यांना आढळले की निम्म्याच्या जवळपास लेख केवळ रुग्णमालिकांचे वर्णन करणारे होते, तर यादृच्छिक चाचण्यांवर आधारित लेख अवघे ७ टक्के होते. हॉर्टन यांनी या संशोधनाची तुलना प्रहसनात्मक संगीतिकेशी केल्याने मोठा वाद झाला. टीकेची भाषा बोचरी असली, तरी तिच्यातील तथ्य नाकारणे कठीण होते. शस्त्रक्रिया हे हाताचे कौशल्य असल्याने तिची निवड गुरुपरंपरेने आणि वैयक्तिक अनुभवाने होत आली. त्या अनुभवाला पुराव्याची शिस्त लावू शकतील असे शल्यचिकित्सक तयार करणे, ही संघटनांच्या अनुदानांची खरी भूमिका ठरते.

प्रचलित मोजमाप आणि त्याच्या मर्यादा

अनुदानाची फलनिष्पत्ती सांगताना संघटना सामान्यतः तीन गोष्टींचा आधार घेतात. अनुदानप्राप्त व्यक्तीने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले, तिला संशोधनपदवी अथवा अध्यापकाचे पद मिळाले काय, आणि पुढे तिने शासनाकडून किती रकमेचे अनुदान मिळविले, हे ते तीन आधार होत. सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीच्या वर उल्लेखिलेल्या योजनेचा पंधरा वर्षांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही संघटनेने गुंतविलेल्या रकमेच्या किती पट शासकीय अनुदान पुढे मिळाले, याची गणना करण्यात आली. व्यापारी भाषेत ज्यास गुंतवणुकीवरील परतावा म्हणतात, तोच येथे निकष ठरला.

या पद्धतीतील पहिला दोष निवडीचा आहे. ज्यांना अनुदान मिळते ते मुळातच त्या पिढीतील सर्वांत आश्वासक उमेदवार असतात. वरील योजनेत तर शासकीय अधिछात्रवृत्तीसाठी निवड झालेल्यांनाच पूरक रक्कम दिली जाते. अशा व्यक्तीने पुढे मोठे अनुदान मिळविले, तर त्याचे श्रेय पूरक रकमेस किती व तिच्या मूळच्या गुणवत्तेस किती, हे त्या आकड्यावरून कळू शकत नाही. वर्गातील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावी आणि तो पुढे यशस्वी झाल्यावर शिष्यवृत्तीचा महिमा गावा, अशातलाच हा प्रकार होय. ज्यांचे अर्ज थोडक्यात नाकारले गेले त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. पुढील अनुदान मिळणे हे वस्तुतः आणखी एक आगत आहे, निर्गत नव्हे. एका संस्थेच्या पैशाने दुसऱ्या संस्थेचा पैसा आला, एवढेच त्यातून सिद्ध होते. उत्पादनाच्या हिशेबात कच्च्या मालाच्या खरेदीस विक्री म्हणून दाखविले, तर कोणताही लेखापरीक्षक हरकत घेईल. संशोधनाच्या हिशेबात मात्र ही नोंद यशाच्या बाजूस केली जाते.

तिसरा दोष काळाचा. संघटनेचे अनुदान एक-दोन वर्षांचे असते व अंतिम अहवाल त्यानंतर लगेच मागितला जातो. याउलट ब्रिटनमध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात वैद्यकीय संशोधनावरील खर्च आणि त्यातून होणारा आरोग्यलाभ यांत सरासरी सुमारे १७ वर्षांचे अंतर गृहीत धरण्यात आले होते. पेरणीनंतर दुसऱ्याच आठवड्यात पिकाचा उतारा मागावा, असे येथे घडते. आणि उतारा देता येत नसल्याने रोपांची संख्या सांगितली जाते. शोधनिबंधांची संख्या ही अशी रोपांची संख्या होय.

परतावा-आराखडा आणि आकड्यांचा मोह

या मर्यादांची जाणीव मूल्यमापनकर्त्यांना नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रुनेल विद्यापीठातील मार्टिन बक्स्टन आणि स्टीव्ह हॅनी यांनी १९९६ मध्ये आरोग्यसंशोधनाच्या परताव्याचा एक आराखडा मांडला. त्यात लाभांचे पाच वर्ग कल्पिले आहेत : ज्ञाननिर्मिती, भावी संशोधनाला दिशा व संशोधकांची क्षमताबांधणी, धोरण व उत्पादननिर्मितीस मिळणारी माहिती, आरोग्य व आरोग्यसेवेतील लाभ, आणि व्यापक आर्थिक लाभ. या आराखड्याचे महत्त्व असे की त्याने शोधनिबंधास अंतिम फळ न मानता प्रवासातील एक टप्पा मानले. संधिवातावरील संशोधनाला साहाय्य करणाऱ्या एका ब्रिटिश धर्मादाय संस्थेच्या १६ अनुदानांचा या आराखड्यानुसार केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक अनुदानाची कथा संशोधकांच्या मुलाखतींतून व कागदपत्रांतून उलगडण्याची ती पद्धत लहान निधी असणाऱ्या संघटनांनाही अनुकरणीय आहे.

परंतु हाच आराखडा राष्ट्रीय पातळीवर नेला असता आकड्यांचा मोह कसा निर्माण होतो, हे उपरोक्त २००८ च्या अभ्यासातून दिसते. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांवरील सार्वजनिक व धर्मादाय संशोधनात गुंतविलेल्या प्रत्येक पौंडामागे दरवर्षी ३९ पेन्सइतका लाभ कायमस्वरूपी मिळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा पुढे ठिकठिकाणी उद्धृत झाला. मात्र त्याची फोड फारशी कोणी केली नाही. ३९ पेन्सपैकी केवळ ९ पेन्स हे आरोग्यलाभाचे होते. उर्वरित ३० पेन्स राष्ट्रीय उत्पन्नातील वाढीचे होते आणि ते अर्थव्यवस्थेवरील सर्वसाधारण परिणामांच्या अंदाजावर आधारलेले होते. म्हणजे रुग्णाच्या नावाने मांडलेल्या हिशेबात रुग्णाचा वाटा एक चतुर्थांशाहूनही कमी होता. अभ्यासकांनी आपल्या गृहीतकांविषयी पुरेशी स्पष्टता ठेवली होती. दोष आहे तो आकडा गृहीतकांपासून तोडून वापरणाऱ्यांचा. शिवाय संपूर्ण राष्ट्राच्या खर्चासाठी काढलेले सरासरी गुणोत्तर एखाद्या संघटनेच्या पाच-दहा अनुदानांना लावणे हे संख्याशास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय नाही.

अशा मोहाचे एक जुने उदाहरणही येथे स्मरणीय आहे. ज्युलियस कॉम्रो व रॉबर्ट ड्रिप्स यांनी १९७६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयावरील खुल्या शस्त्रक्रियेसह हृदय-फुप्फुसविषयक दहा मोठ्या प्रगतींच्या मुळाशी असलेले ५२९ महत्त्वाचे लेख त्यांनी तपासले व त्यांपैकी ४१ टक्के लेखांचा लिहितेवेळी कोणत्याही रोगाच्या उपचाराशी संबंध नव्हता असे दाखविले. मूलभूत संशोधनाच्या समर्थनार्थ हा निष्कर्ष अनेक वर्षे वापरला गेला. १९८७ मध्ये त्याच्या पद्धतीवर टीका झाली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरअभ्यासात ती पद्धत पुनः वापरून तोच निष्कर्ष मिळू शकला नाही. निधीवाटपाच्या वादात उपयोगी पडणाऱ्या आकड्याची तपासणी उशिरा होते, हा यातील धडा होय.

नोंदवही : कोष्टकात न बसणारा परिणाम

आता मोजमापाच्या बाहेर राहणाऱ्या परिणामांची काही उदाहरणे पाहू. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९७५ मध्ये गुडघ्याच्या सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणत्या रुग्णास कोणता कृत्रिम सांधा बसविला आणि तो पुनः बदलावा लागला काय, एवढीच मूलतः नोंद ठेवावयाची होती. ऑस्ट्रेलियातील अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९९९ मध्ये शासनाच्या आर्थिक साहाय्याने, परंतु स्वतःच्या मालकीची, अशीच नोंदवही सुरू केली. खुब्याचा एएसआर नावाचा धातूचा कृत्रिम सांधा अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होत असल्याचे या ऑस्ट्रेलियन नोंदवहीतून दिसून आले. डिसेंबर २००९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेण्यात आला. तोपर्यंत जगात सुमारे ९३,००० रुग्णांना तो बसविला गेला होता.

या प्रसंगाचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आहे. आपल्या देशात २००४ ते २०१० या काळात या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. केंद्र शासनाने २०१७ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये जाहीर झाला व त्यानंतर नुकसानभरपाईचे सूत्र ठरविण्यात आले. परंतु बहुसंख्य रुग्णांचा मागच लागू शकला नाही, कारण कोणाला कोणता सांधा बसविला याची देशव्यापी सक्तीची नोंद अस्तित्वात नव्हती. हिप व नी सर्जन्सच्या भारतीय संघटनेने नोंदवही चालविली आहे. तथापि तिच्यात नोंद करणे ऐच्छिक आहे. ज्या देशात नोंदवही परिपूर्ण होती तेथे धोका आधी उघड झाला आणि जेथे ती अपुरी होती तेथे भरपाई देण्यासाठीही रुग्ण सापडले नाहीत, हा फरक शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी पैसा आणि श्रम कशावर खर्च केले याच्याशी निगडित आहे.

प्रचलित निकषांवर ही नोंदवही कशी उतरेल? तिच्यात माहिती भरणाऱ्या शेकडो शल्यचिकित्सकांपैकी बहुतेकांच्या नावावर एकही शोधनिबंध जमा होत नाही. कोणालाही पदवी मिळत नाही. तिचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे न झालेल्या शस्त्रक्रिया आणि न झालेल्या वेदना. आणि जे घडलेच नाही ते अहवालाच्या कोणत्या रकान्यात लिहावे, याची सोय नसते.

दोंडाईचे ते युगांडा : श्रेयाचा प्रश्न

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. जांघेतील हर्नियाच्या शस्त्रक्रियेत स्नायूंच्या दुर्बल भागावर कृत्रिम जाळी बसविण्याची पद्धत जगभर रूढ झाली. परंतु कंपन्यांची जाळी ग्रामीण रुग्णास परवडणारी नव्हती. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचे येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले. अन्य सहकाऱ्यांसमवेत अनेक केंद्रांवर केलेल्या या प्राथमिक चाचणीचा लेख २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आफ्रिकेतही ही कल्पना वापरली गेली. युगांडात झालेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. त्यात ३०२ रुग्णांचा समावेश होता. एका वर्षानंतर हर्निया पुनः उद्भवण्याचे प्रमाण स्वस्त जाळीच्या गटात ०.७ टक्के, तर कंपनीच्या जाळीच्या गटात शून्य होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. किमतीतील फरक मात्र सुमारे १ डॉलर विरुद्ध १२५ डॉलर असा होता.

या प्रवासाचे श्रेय कोणत्या अनुदानास द्यावयाचे? परतावा मोजणारी पद्धत येथे अडखळते, कारण तिला एक रक्कम आणि एक फळ यांची जोडी हवी असते. येथे आहेत ते ग्रामीण शल्यचिकित्सकांचे परस्परसंबंध, संघटनेचे मुखपत्र, परिषदांतील देवाणघेवाण आणि तेरा वर्षांनंतर दुसऱ्या खंडात दुसऱ्यांच्या पैशाने झालेली कसोटी. संघटनेचे योगदान पैशाहून व्यासपीठाच्या स्वरूपात अधिक होते. म्हणूनच ‘हे आमच्यामुळे झाले काय?’ या प्रश्नाऐवजी ‘यात आमचा कोणता वाटा होता?’ हा प्रश्न अधिक प्रामाणिक ठरतो. मूल्यमापनशास्त्रात कार्यकारणाचा दावा आणि योगदानाचा दावा असा जो भेद केला जातो, त्याचे मर्म हेच आहे.

नकारात्मक निष्कर्षांचे मूल्य

तिसरा दुर्लक्षित परिणाम म्हणजे एखादी गोष्ट निरुपयोगी असल्याचे सिद्ध होणे. इंग्लंडमधील वेस्ट मिडलँड्स विभागातील प्रशिक्षणार्थी शल्यचिकित्सकांनी २००७ मध्ये स्वतःचे संशोधन-मंडळ स्थापन केले. पोटाच्या शस्त्रक्रियेत जखमेच्या कडांना संरक्षण देणाऱ्या एका साधनाची त्यांनी चाचणी घेतली. २१ रुग्णालयांतील ७६० रुग्णांचा समावेश असलेल्या या चाचणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला : साधन वापरा अथवा वापरू नका, जखमेतील जंतुसंसर्गाचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे २५ टक्केच राहिले. पुढे याच परंपरेतून भारतासह सात देशांत मोठ्या चाचण्या झाल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५४ रुग्णालयांतील ५,७८८ रुग्णांवर महागडे जंतुनाशक द्रावण व जंतुनाशकयुक्त टाके यांची तुलना साध्या पर्यायांशी करण्यात आली. अधिक खर्चाच्या पर्यायांचा वरचढपणा आढळला नाही. याउलट २०२२ च्या चाचणीत ८१ रुग्णालयांतील १३,३०१ रुग्णांच्या बाबतीत, जखम शिवण्यापूर्वी केवळ हातमोजे व उपकरणे बदलल्याने संसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६.० टक्क्यांवर आले.

या चाचण्यांचा पैसा प्रामुख्याने ब्रिटनच्या शासकीय आरोग्यसंशोधन निधीतून आला, संघटनांच्या अनुदानातून नव्हे. तथापि चाचणी घेऊ शकणारा, आपल्या रुग्णालयात ती राबवू शकणारा तरुण शल्यचिकित्सक तयार होणे ही तिची पूर्वअट आहे आणि संघटनांच्या लहान अनुदानांचे खरे क्षेत्र हेच होय. अशा सामूहिक संशोधनात लेखकांची नावे शेकड्यांनी असतात. त्यामुळे वैयक्तिक शोधनिबंधांच्या मोजणीत त्यांचा वाटा नगण्य ठरतो. ज्या मोजपट्टीवर उपयुक्त काम नगण्य दिसते, ती मोजपट्टीच तपासली पाहिजे.

मोजमाप वर्तन बदलते

मोजमाप हे निरुपद्रवी निरीक्षण नसते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलननीतीच्या संदर्भात मांडलेला विचार मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅदर्न यांनी १९९७ मध्ये विद्यापीठीय मूल्यांकनास लागू केला. त्याचा आशय असा की निर्देशकास एकदा उद्दिष्टाचे स्थान दिले की तो निर्देशक म्हणून विश्वासार्ह राहत नाही. आपणा महाविद्यालयीन अध्यापकांना याचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीचे गुणांक आणले. त्यानंतर नियतकालिकांचे पीक आले आणि मे २०१८ मध्ये आयोगास आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. वैद्यकीय महाविद्यालयांतही पदोन्नतीशी शोधनिबंधांची अट जोडली गेली आहे. शल्यचिकित्सक संघटनांनी आपल्या अनुदानाचे यश निबंधांच्या संख्येवर मोजले, तर अर्जदार लवकर निबंध देणारेच विषय निवडतील. पंधरा वर्षे रुग्णांचा मागोवा घेणारी नोंदवही, नकारात्मक ठरू शकेल अशी चाचणी अथवा स्वस्त पर्यायाचा शोध यांकडे कोणी वळणार नाही. येथे पणाला लागते ते एखाद्या अध्यापकाचे वेतनश्रेणीतील स्थान नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या मेजावरील रुग्णाचे हित होय.

काही आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की लहान अनुदानांवर मूल्यमापनाचा मोठा भार टाकणे अव्यवहार्य आहे. हा आक्षेप रास्त आहे. ब्रिटनमधील विद्यापीठांच्या २०१४ च्या राष्ट्रीय संशोधन-मूल्यांकनात परिणामास २० टक्के भार देण्यात आला आणि ६,९७५ परिणामकथा सादर झाल्या. त्या तयार करण्यात किती मनुष्यबळ खर्ची पडले असेल, याची कल्पना करता येते. संघटनांनी त्या मार्गाने जाऊ नये. परंतु भार कमी असावा याचा अर्थ चुकीचे मोजावे असा होत नाही. सर्व अनुदानांचे उथळ मोजमाप करण्यापेक्षा निवडक अनुदानांचा सखोल मागोवा घेणे कमी खर्चाचे ठरू शकते.

दुसरा आक्षेप असा की रुग्णलाभावर अवाजवी भर दिल्यास जिज्ञासेपोटी होणारे संशोधन मागे पडेल. कॉम्रो व ड्रिप्स यांचा आकडा टिकला नाही, तरी त्यांची चिंता अस्थानी नव्हती. येथे प्रत्येक अनुदानातून रुग्णलाभ दाखवावा अशी मागणी नाही. संघटनेने आपल्या एकूण अनुदानांपैकी कोणते कोणत्या हेतूने दिले हे आधी ठरवावे आणि ज्याचा हेतू ज्ञाननिर्मिती आहे त्याचे मोजमाप त्याच हेतूने करावे, एवढेच अभिप्रेत आहे.

काही सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील. (१) अनुदानाच्या रकमेतील लहानसा हिस्सा पुढील मागोव्यासाठी राखून ठेवावा आणि दोन, सात व पंधरा वर्षांनी, अशा तीन टप्प्यांवर माहिती घ्यावी. पहिल्या टप्प्यावर निबंध विचारावेत. अखेरच्या टप्प्यावर कोणती शस्त्रक्रिया, कोणती सवय अथवा कोणता खर्च बदलला हे विचारावे. (२) थोडक्यात नाकारल्या गेलेल्या अर्जदारांची माहितीही त्यांच्या संमतीने ठेवावी, म्हणजे तुलनेस आधार मिळेल. (३) नकारात्मक निष्कर्ष आणि सामूहिक चाचणीतील सहभाग यांना अहवालात स्वतंत्र स्थान असावे. (४) अनुदानाचे विषय ठरविताना व परिणाम तपासताना शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे प्रतिनिधी समितीत असावेत. (५) संघटनांनी निधीचा काही भाग व्यक्तींऐवजी नोंदवह्यांसाठी द्यावा. महाराष्ट्रात महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेखाली होणाऱ्या शस्त्रक्रियांची माहिती शासनाकडे दाव्यांच्या रूपाने जमा होत असते. रुग्णांची गोपनीयता सांभाळून या माहितीचा उपयोग करण्यासाठी शासन व शल्यचिकित्सक संघटना एकत्र आल्यास, कोणते संशोधन जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचले हे पाहण्याचे साधन उपलब्ध होईल.

समारोप

संशोधन-अनुदानाच्या परिणामाचे मोजमाप म्हणजे दिलेल्या पैशाचा नंतर मांडलेला हिशेब, अशी आपली समजूत असते. वस्तुतः आपण काय मोजणार हे जाहीर करताच पुढच्या वर्षी कोणते अर्ज येणार हे ठरून जाते. त्या अर्थाने मोजपट्टी हीच अनुदानाची पहिली अट होय. शल्यचिकित्सक संघटनांजवळ शासनाइतका पैसा नाही. परंतु त्यांचे सभासद प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात असल्याने शासनाजवळ नसलेली एक सोय त्यांच्यापाशी आहे. बदल झाला की नाही हे त्यांना कागदावरून नव्हे, रुग्णांवरून पडताळता येते. स्वीडनच्या नोंदवहीने आणि दोंडाईच्याच्या जाळीने ते दाखवून दिले आहे. अनुदान घेणाऱ्याची वाटचाल मोजणे सोपे आहे म्हणून तेवढेच मोजत राहणे, हे या सामर्थ्याकडे पाठ फिरविण्यासारखे होईल. पुढील अभ्यासकांनी भारतीय संघटनांच्या अनुदानांचा असा दीर्घकालीन मागोवा हाती घ्यावा, एवढी अपेक्षा येथे व्यक्त करतो.